कार्ड दाखवा, कागद घ्या!

कॉलेजातली सगळ्यात उघडी जागा कोणती असं विचारलं तर कुणी कट्टा म्हणेल, कुणी मेस, कुणी नोटीस बोर्ड. माझं उत्तर वेगळं आहे. प्रिंटरचा ट्रे!

पटत नाही? मग एक प्रसंग सांगतो. कॉलेज कुठलं ते सोडा, पोराचं नावही नको. त्यानं फी माफीसाठी अर्ज दिला होता. अर्जात घरची सगळी परिस्थिती आलेली. दोन एकर कोरडवाहू, सोसायटीचं थकलेलं कर्ज, वडिलांचं आजारपण. ऑफिसातल्या मॅडमनी अर्जाचं पत्र टाईप केलं, प्रिंट दिली आणि तेवढ्यात त्यांना आतून बोलावणं आलं. प्रिंटर खिडकीपाशी. बोनाफाईडसाठी रांगेत उभ्या असलेल्या एकानं ट्रेमधला कागद उचलला, वाचला आणि मागच्याला दिला. रात्री मेसमध्ये ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. तो पोरगा दोन दिवस मेसला फिरकला नाही. खरं सांगायचं तर मॅडमची फार चूक नव्हती. रांगेतल्या पोरांनाही कुणाचं वाईट करायचं नव्हतं. कागद उघड्यावर पडला होता, एवढंच.

आपण कॉम्प्युटरला पासवर्ड लावतो, कपाटाला कुलूप लावतो. पण तोच मजकूर कागदावर उतरला की तो कुणाचाही! 'प्रिंट' म्हटल्यापासून कागद मालकाच्या हातात पडेपर्यंतची जी दोन-चार मिनिटं असतात, त्यांना कुणी राखणदार नसतो.

मोठ्या ऑफिसांत यावर एक साधा उपाय करतात. प्रिंट दिली तरी कागद लगेच बाहेर येत नाही. तुम्ही प्रिंटरजवळ जायचं, गळ्यातलं कार्ड रीडरला दाखवायचं, मगच तुमचे कागद तुमच्यासमोर बाहेर पडतात. तेच कार्ड दारावर, हजेरीला, कॉम्प्युटरवर साइन-इन करायलाही चालतं. उद्या तुम्ही हिंजवडीच्या कंपनीत लागा, नाहीतर आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडियासारख्या संशोधन प्रकल्पात जा, असं कार्ड गळ्यात पडण्याची शक्यता भरपूर. मग ते चालतं कसं आणि चुकतं कुठं, हे आजच समजून घेतलेलं बरं. आमच्या चौघांच्या गटानं प्रोजेक्ट म्हणून एक जुना पीसी, एक लेझर प्रिंटर आणि एक यूएसबी कार्ड रीडर जोडून हे करून पाहिलं. जे शिकलो ते इथं मांडतो.

बिल्ला वेगळा, किल्ली वेगळी

सुरुवातीला एक गोष्ट डोक्यात पक्की करा. रेल्वे स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावर पितळी बिल्ला असतो, त्यावर नंबर. तो नंबर सांगतो की हा माणूस कोण. पण तोच बिल्ला दुसऱ्यानं दंडावर बांधला तर? बिल्ला काही ओरडून सांगणार नाही. म्हणजे बिल्ला नाव सांगतो, ते सिद्ध करत नाही. किल्लीचं तसं नाही. किल्ली कुलपाशी जुळल्याशिवाय दार उघडतच नाही.

बाजारातली स्वस्त कार्डं ही बिल्ला असतात, महाग कार्डं किल्ली. आपण बिल्ला आणतो आणि किल्ली समजून वापरतो, तिथंच सगळा घोळ होतो. हा लेख विसरलात तरी चालेल, एवढं वाक्य लक्षात ठेवा.

कार्डात नेमकं असतं काय?

कार्डात बॅटरी नसते. आत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी आणि मोहरीच्या दाण्याएवढी चिप असते. रीडरमध्येही गुंडाळी असते, तिच्यातून सतत बदलता प्रवाह जातो. कार्ड जवळ आलं की त्याच्या गुंडाळीत वीज निर्माण होते. पहिल्या वर्षाला ट्रान्सफॉर्मर शिकलोय ना, तोच हा, फक्त मध्ये लोखंडाऐवजी हवा. त्या विजेवर चिप जागी होते आणि स्वतःच्या गुंडाळीवरचा भार कमी-जास्त करत राहते. रीडरला तो फरक जाणवतो आणि त्यातून तो ० आणि १ वाचतो.

आपल्याकडे दोन जाती जास्त दिसतात.

पहिली १२५ किलोहर्ट्झची. यातलं ईएम ४१०० जातीचं कार्ड सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भाबडं. त्यात ६४ बिट असतात. सुरुवातीला ९ वेळा १, मग ४० बिट माहिती, त्यांच्या तपासणीचे १४ पॅरिटी बिट आणि शेवटी एक ०. जाणाऱ्या प्रत्येक बिटला साधारणपणे लहरीची ६४ आवर्तनं लागतात. म्हणजे सेकंदाला १२५००० भागिले ६४, साधारण १९५३ बिट. पूर्ण नंबर एकदा सांगायला ३३ मिलिसेकंद पुरतात. कार्ड दुसरं काहीच करत नाही. वीज मिळाली की नंबर, परत नंबर, परत नंबर. कोण विचारतंय याची चौकशी नाही. साहजिकच ज्याच्याकडे रीडर आहे त्याला तो नंबर ऐकू येतो, आणि तोच नंबर कोऱ्या कार्डावर उतरवता येतो. हा झाला बिल्ला.

दुसरी जात १३.५६ मेगाहर्ट्झची. यात मायफेअर क्लासिक हे नाव फार गाजलं. १९९४ साली आलेल्या या कार्डाच्या १ केबी प्रकारात १६ कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याला ४८ बिटांची गुप्त किल्ली. जगभरात बस, मेट्रो, ऑफिस सगळीकडे ते पसरलं. पण आतली कुलूपपद्धत कंपनीनं गुप्त ठेवली होती. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लॉट्झ यांनी चिपचे थर सूक्ष्मदर्शकाखाली बघून ती पद्धत कशी उलगडली ते सांगितलं. २००८ मध्ये नेदरलँडच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी ती पूर्ण फोडून दाखवली. त्यांचा निबंध छापू नये म्हणून चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी कोर्टात गेली. जुलै २००८ मध्ये डच न्यायालयानं निबंध छापायला परवानगी दिली. धडा काय? कुलपाची रचना लपवून कुलूप मजबूत होत नाही. रचना सगळ्यांना माहीत असावी, गुप्त असावी ती फक्त किल्ली.

त्यानंतरच्या डेसफायर ईव्ही१ आणि पुढच्या कार्डांत १२८ बिटांची एईएस पद्धत वापरता येते. इथं कार्ड आणि रीडर आधी एकमेकांची परीक्षा घेतात. रीडर एक यादृच्छिक संख्या देतो, कार्ड ती आपल्या गुप्त किल्लीनं बदलून परत करतं, आणि उलटंही तसंच होतं. किल्ली हवेतून कधीच जात नाही. ही झाली खरी किल्ली. पण सावधान! असं महागडं कार्ड घेऊन रीडरनं फक्त त्याच्यावरचा उघडा नंबर वाचायचा, अशी जोडणी बऱ्याच ठिकाणी होते. म्हणजे किल्ली घेतली आणि बिल्ल्यासारखी दंडावर बांधली!

एकच कार्ड, तीन नंबर

आमचे पहिले तीन दिवस या एका भानगडीत गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रॅक्टिकलला वही घेऊन बसा.

आमच्या एका कार्डावर असं छापलेलं होतं:

०००७८२५४९६ ११९,२६७१२

आम्ही पहिला नंबर यादीत भरला. रीडरनं कार्ड वाचलं आणि संगणक म्हणाला, 'असा माणूस नाही'. दुसरा भरला, तरी नाही. कार्ड खराब म्हणून बदलायला निघालो होतो. मग लॅबमधल्या सरांनी विचारलं, "अरे, हे दोन नंबर वेगळे आहेत हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

गणित करून बघा. ११९ गुणिले ६५५३६ बरोबर ७७९८७८४. त्यात २६७१२ मिळवा. आले ७८२५४९६! दोन्ही नंबर एकच आहेत, लिहिण्याची रीत वेगळी. हेक्साडेसिमलमध्ये हाच नंबर ००७७६८५८ असा होतो. त्यातले ७७ म्हणजे दशमान ११९, आणि ६८५८ म्हणजे दशमान २६७१२. पहिला भाग संस्थेचा किंवा गठ्ठ्याचा क्रमांक, दुसरा कार्डाचा.

ही रीत आली वीगँड नावाच्या जुन्या जोडणीतून. तिच्या प्रचलित रूपात २६ बिट असतात. आधी एक पॅरिटी, मग ८ बिट संस्थेचे, १६ बिट कार्डाचे, शेवटी एक पॅरिटी. आपल्या कार्डाचे २६ बिट असे:

० ०१११०१११ ०११०१००००१०११००० १

पहिल्या १२ माहिती-बिटांत १ आठ वेळा आला, तो सम आहे, म्हणून पुढची पॅरिटी ०. नंतरच्या १२ बिटांत १ चार वेळा आला, तिथं बेरीज विषम हवी, म्हणून शेवटची पॅरिटी १. मोजून बघा, जमतंय का! आणि एक हिशोब. ८ बिटांत २५६ संस्था, १६ बिटांत ६५५३६ कार्डं. जगात ऑफिसं किती आणि संस्था-क्रमांक २५६! म्हणजे शेजारच्या ऑफिसातलं कार्ड आपल्या दारावर चालणं अशक्य नाही.

आता तिसरा नंबर. काही रीडर बाइटचा क्रम उलटा वाचतात. ००-७७-६८-५८ चं होतं ५८-६८-७७-००, आणि दशमानात तो नंबर येतो १४८३२४१२१६. कार्ड तेच, रीडर बदलला, नंबर बदलला. ऑफिसनं दारासाठी एका कंपनीचा रीडर घेतला आणि प्रिंटरसाठी दुसऱ्या कंपनीचा, तर 'दार उघडतं पण प्रिंट निघत नाही' अशी तक्रार येते ती यामुळेच. रीडरच्या सेटिंगमध्ये क्रम उलटवण्याची सोय बहुधा असते. नसेल तर प्रोग्रॅममध्ये चार ओळींचं काम आहे.

यावर उपाय एकच. कार्डावर छापलेला नंबर यादीत भरू नका. जो रीडर वापरणार आहात त्यावरच कार्ड टेकवा आणि तो जे सांगेल तेच नोंदवा. आणि यादी एक्सेलमध्ये ठेवत असाल तर तो रकाना आधी 'टेक्स्ट' करा. नाहीतर एक्सेल पुढची तीन शून्यं गुपचूप खाऊन टाकतं आणि ०००७८२५४९६ चं ७८२५४९६ होतं. दोन्ही दिसायला सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे!

रीडर म्हणजे मुका टायपिस्ट

स्वस्त यूएसबी रीडर संगणकाला स्वतःची ओळख 'मी कीबोर्ड आहे' अशीच करून देतो. कार्ड टेकवलं की तो दहा अंक टाईप करतो आणि एंटर मारतो. म्हणून त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. हा त्याचा गुण, आणि दोषही हाच.

कर्सर जिथं असेल तिथं तो टाईप करतो. आमच्या डेमोच्या दिवशी सरांचं पत्र स्क्रीनवर उघडं होतं. कुणीतरी कार्ड टेकवलं आणि 'महोदय' च्या पुढं दहा अंक येऊन बसले! शिवाय काही रीडर नंबर हेक्समध्ये देतात. त्यात ए ते एफ ही अक्षरं येतात. संगणकावर मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर त्या अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरं उमटतात आणि कार्ड 'अनोळखी' ठरतं. आपल्याकडं ऑफिसात मराठी टायपिंग रोजचंच, म्हणून ही अडचण इथं हमखास येणार.

लिनक्सवर प्रोग्रॅमला ठराविक उपकरण फक्त स्वतःकडं राखून ठेवता येतं. आम्ही तेच केलं. मग रीडरचे अंक आमच्या प्रोग्रॅमशिवाय दुसरीकडं जायचे बंद झाले.

प्रिंट थांबवायची कशी?

आता मूळ मुद्दा. संगणकावरून प्रिंट दिली की ती थेट कागदावर जात नाही, आधी रांगेत उभी राहते. या रांगेलाच आपण स्पूल म्हणतो. आपल्याला फक्त ही रांग दारात अडवायची आहे. लिनक्समधल्या क्यूप्स या मोफत छपाई प्रणालीत प्रत्येक कामाला 'होल्ड' आणि 'रिझ्यूम' असे पर्याय आहेत. सगळी कामं होल्डवर येऊ द्यायची. कार्ड टेकवलं की यादीत बघायचं, हा नंबर कुणाचा. त्या माणसाच्या नावावर रांगेत जी कामं असतील तेवढीच सोडायची. बाजारात पेपरकटसारखी तयार सॉफ्टवेअर आहेत, त्यांचंही मूळ तत्त्व हेच.

सोपं वाटतं ना? पण यात एक खिळा रुतलेला आहे. 'त्या माणसाच्या नावावर' म्हणजे कुणाच्या? आपल्याकडं बहुतेक ऑफिसांत आणि लॅबमध्ये सगळेजण एकाच नावानं संगणक वापरतात. 'ॲडमिन' नाहीतर 'यूजर'. पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला! मग रांगेत सगळी कामं 'ॲडमिन' च्याच नावावर. कार्ड कुणाचंही टेकवा, सगळ्यांचे कागद बाहेर. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी प्रत्येकाचं स्वतंत्र साइन-इन, मग रीडर. पाया न घालता भिंत बांधली तर ती दाखवायलाच राहते.

आणखी दोन सवयी. एक, न सोडलेली कामं ठराविक वेळानं आपोआप पुसली जावीत. आम्ही चार तास ठेवले होते. यानं कागदही वाचतो. कितीतरी प्रिंटा दिल्या जातात आणि कुणी न्यायलाच येत नाही. दोन, महत्त्वाच्या खात्यांसाठी कार्डाबरोबर चार आकडी पिन. चार आकड्यांत १०००० शक्यता. पाच चुकांनंतर खातं बंद झालं पाहिजे, नाहीतर निवांत बसून कुणीही शोधून काढेल. कार्ड हे 'माझ्याजवळ आहे ते', पिन हे 'मला माहीत आहे ते'. दोन्ही एकदम चोरणं अवघड. एटीएमचंही तेच गणित आहे.

मागचं दार

पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं, अशी अवस्था प्रिंटरची नेहमी होते. नेटवर्क प्रिंटरला स्वतःचा आयपी पत्ता असतो आणि बहुतेक प्रिंटर ९१०० नंबरच्या पोर्टवर कुणाकडूनही काम घेतात. ज्याला तो पत्ता माहीत आहे तो आपल्या रांगेला वळसा घालून थेट प्रिंट देतो, आणि ती लगेच ट्रेमध्ये. म्हणून प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'फक्त सर्व्हरकडूनच काम घ्यायचं' असं बंधन घालावं लागतं.

मोठ्या झेरॉक्स-कम-प्रिंटर मशिनमध्ये तर हार्ड डिस्क असते. २०१० साली अमेरिकेतल्या सीबीएस न्यूजनं वापरलेली कॉपिअर मशिन विकत घेऊन त्यांच्या डिस्कवरून पोलिसांचे आणि रुग्णांचे कागद बाहेर काढून दाखवले होते. जुनं मशिन भंगारात देताना डिस्क पुसली का, हे विचारायला विसरू नका.

पेपर कसे फुटतात?

हा विषय निघाला की पोरं कान टवकारतात! मार्च २०१८ मध्ये सीबीएसईचे दहावीचा गणिताचा आणि बारावीचा अर्थशास्त्राचा पेपर फुटला. बारावीच्या मुलांना २५ एप्रिल २०१८ ला अर्थशास्त्र पुन्हा द्यावं लागलं. त्यानंतर मंडळानं कुलूपबंद फाईल केंद्रावर पाठवून पेपर तिथंच छापण्याचा मार्ग वापरून पाहिला. आपल्याकडं मुंबई विद्यापीठानंही पेपर ऑनलाइन पाठवून कॉलेजात छापून घेण्याची पद्धत आणली.

यात पेट्यांचा प्रवास वाचला, वाटेत गठ्ठा फोडण्याची भीती गेली. पण धोका नाहीसा झाला नाही, त्यानं जागा बदलली. आधी तो ट्रकमध्ये होता, आता तो केंद्रावरच्या प्रिंटरच्या ट्रेमध्ये आला. फाईल कितीही भक्कम कुलपात असली तरी कागद बाहेर पडताना ती उघडीच असते आणि समोरच्याच्या खिशात मोबाइल असतो. कार्ड रीडर इथं एवढंच करू शकतो की पेपर कुणी, किती वाजता, किती प्रती छापल्या याची नोंद ठेवतो. नोंद आहे हे माहीत असलं की माणूस दहादा विचार करतो. बाकी काम त्या खोलीतल्या माणसांचं. आपल्या चाचणी परीक्षेचा पेपर असो की विद्यापीठाचा, ज्या पोरानं रात्र जागून अभ्यास केला त्याच्यावरच पेपरफुटीचा सगळ्यात मोठा अन्याय होतो, हे विसरू नये.

हजेरी, गेट आणि वॉचमन काका

तेच कार्ड हजेरीला लावलं की काय होतं? आपल्याला सांगायला नको! एक पोरगा पाच कार्डं घेऊन येतो आणि पाच जण हजर. बिल्ला फक्त नाव सांगतो, आठवतंय ना? मग अंगठा लावा, असं कुणी म्हणेल. पण रेशन दुकानातल्या पॉस मशिनपुढं उभं राहिलेल्या आजीला विचारा. निंदण-खुरपण करून, हळद काढून बोटावरच्या रेषा झिजल्या की मशिन ओळखत नाही. शिवाय कार्ड हरवलं तर नवं मिळतं, अंगठा बदलून मिळत नाही. त्यामुळे कार्ड टेकवल्यावर स्क्रीनवर फोटो यावा आणि वॉचमन काकांनी चेहऱ्याकडं एक नजर टाकावी, हा स्वस्त उपाय बऱ्याचदा पुरतो.

हॉस्टेलच्या गेटसाठी कार्ड आणायचं तर एक नियम दगडावरची रेघ समजा: आतून बाहेर पडायला कार्ड लागता कामा नये. दाराला विजेवर चालणारं चुंबकीय कुलूप असेल तर लाईट गेल्यावर ते सुटतं. अशा कुलपाला फेल-सेफ म्हणतात. उलट प्रकारच्या, म्हणजे लाईट गेल्यावर बंदच राहणाऱ्या कुलपाला आतून हातानं उघडायची सोय हवीच. रात्री आग लागली, शॉर्टसर्किट झालं आणि लाईट गेली, तर शंभर पोरांनी अंधारात कार्ड शोधायचं का? सामान राखण्यासाठी माणसं कोंडायची नसतात.

लाईटचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडं ती किती वेळा जाते हे सांगायची गरज नाही. रीडर, सर्व्हर आणि नेटवर्क स्विच तिघंही यूपीएसवर हवेत. नुसता सर्व्हर चालू आणि स्विच बंद, तर काहीच उपयोग नाही. रीडरच्या कंट्रोलरमध्ये कार्डांची यादी साठलेली असेल तर नेटवर्क नसतानाही तो काम करतो आणि नोंदी नंतर पाठवतो. आणि एवढं सगळं असूनही कपाटात एक रजिस्टर ठेवा. मशिन बंद म्हणून कुणाची हजेरी बुडू नये, कुणाला गेटबाहेर उभं राहावं लागू नये.

नोंद कोण बघणार?

आता सगळ्यात अवघड प्रश्न. मुलींच्या हॉस्टेलच्या गेटवरचं रजिस्टर आठवा. नाव, खोली, मोबाइल नंबर, कुठं जाणार, किती वाजता येणार. टेबलावर उघडं. येणारा-जाणारा कुणीही पान उलटून नंबर टिपून घेऊ शकतो. हासुद्धा प्रिंटरचा ट्रेच झाला. कार्ड आलं की हे उघडं पान बंद होतं, हा फायदा मोठा आहे.

पण कागदाचं रजिस्टर भरलं की माळ्यावर जातं आणि वाळवी लागते. संगणकातली नोंद मात्र विसरत नाही. कोण कधी बाहेर गेलं, कुणाबरोबर एकाच मिनिटाला परत आलं, कुणी काय छापलं, सगळं एका क्लिकवर. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ मध्ये संसदेनं डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. दोन्हींचा आपल्यापुरता अर्थ साधा आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला वापरा आणि काम झालं की पुसा. म्हणून रीडर बसवण्याच्या आधी तीन ओळी लिहून नोटीस बोर्डावर लावाव्यात: नोंद कोण बघू शकतं, कशासाठी, आणि किती दिवसांनी पुसली जाते. छापलेल्या कागदाचं नाव आणि पानांची संख्या पुरे, मजकूर साठवायचं काहीच कारण नाही.

कार्ड हरवल्याचं सांगायला आलेल्या पोराला दंडाची भीती घालू नका. तो घाबरला तर दोन आठवडे गप्प बसेल आणि तेवढे दिवस त्याचं कार्ड दुसऱ्याच्या खिशात जिवंत राहील. हरवलं म्हणाला की त्याच मिनिटाला यादीतून नंबर काढा, चौकशी नंतर. पास होऊन गेलेल्यांची कार्डंही नो ड्यूजच्या सहीबरोबरच बंद व्हायला हवीत.

आजच करता येईल असं

हे सगळं करायला पैसे लागतात आणि मंजुरी लागते, हे आम्हालाही कळतं. आमच्या प्रोजेक्टला तरी रीडर सोडून सगळं सामान जुनंच होतं. पण रीडर यायच्या आधी, फुकटात, उद्या सकाळी करता येतील अशा गोष्टी आहेत:

१. ऑफिसातला प्रिंटर खिडकीपासून उचलून आतल्या भिंतीला लावा, ट्रेचं तोंड रांगेकडं नको.

२. बहुतेक ऑफिस प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये 'सिक्युअर प्रिंट' नावाचा पर्याय असतो. प्रिंट देताना पिन टाका, प्रिंटरच्या बटणांवर तीच पिन दाबा, मगच कागद येतो. कार्ड नाही, रीडर नाही, खर्च नाही. हा पर्याय आपल्या प्रिंटरमध्ये आहे का, एवढं उघडून बघा.

३. संगणकावर प्रत्येकाचं वेगळं खातं आणि वेगळा पासवर्ड करा. चिकटवलेली चिठ्ठी काढून टाका.

४. बिघडलेल्या प्रिंटा रफ पेपर म्हणून वाटू नका. मागच्या बाजूला कुणाचा तरी आधार नंबर असतो. फाडून टाका.

५. आणि आपल्यासाठी, म्हणजे रांगेत उभ्या असणाऱ्यांसाठी: ट्रेमधला कागद आपला नसेल तर तो उलटा करून ठेवा. वाचू नका.

शेवटचा मुद्दा कुठल्याही मशिनमध्ये बसवता येत नाही. त्या दिवशी रांगेतल्या पहिल्या पोरानं तो अर्ज उलटा करून ठेवला असता, तर मला हा लेख लिहावा लागला नसता आणि आपला एक मित्र दोन दिवस मेसचं जेवण सोडून बिस्किटांवर राहिला नसता.

— अंतिम वर्ष, संगणक शाखा